बेस गिटार घेताना, सांभाळताना, बदलताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

'पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकाचा भाग) बदलून द्या' म्हणत कोणी बेस घेऊन आलं की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: तारा शेवटच्या कधी बदलल्या? उत्तर आठवत नसेल, तर पिकअपचं बोलणं तिथंच थांबवतो. नव्या तारा चढवतो, नेक (लांब दांडा) आणि ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) जुळवतो, म्हणजेच सेटअप करतो, आणि बेस परत हातात देतो. पुष्कळदा विषय तिथेच मिटतो. आम्ही पिकअप विकतो, बसवूनही देतो, तरीही आमचा क्रम हाच आहे: आधी तारा, मग सेटअप, मग पुन्हा पूर्ववत करता येतील असे बदल, आणि लाकडाला हात सगळ्यात शेवटी.

नवा किंवा वापरलेला बेस घेताना

रंग आणि कंपनीच्या आधी स्केल बघा. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत (तार टेकते तो छोटा तुकडा) तारेची जी मोकळी लांबी असते, तिला स्केल म्हणतात. 1951 साली फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तो 34 इंची, म्हणजे 864 मिलिमीटरचा, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. शॉर्ट स्केल साधारण 30 इंचांचा, म्हणजे 762 मिलिमीटरचा. कागदावर फरक किरकोळ दिसतो, हाताला तो लगेच कळतो. पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर 34 इंची बेसवर सुमारे 13 सेंटिमीटर भरतं, 30 इंचीवर साडेअकरा. लहान पंजाच्या माणसाला हा दीड सेंटिमीटर रोज जाणवतो. करंगळी ओढून ताणून मनगट दुखवून घेण्यापेक्षा शॉर्ट स्केल घेतलेला बरा. तो 'मुलांचा बेस' असतो ही समजूत चुकीची आहे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींच्या हातातला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर शॉर्ट स्केलचाच. मात्र त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली, तर 30 इंची बेसवर ताण सुमारे 22 टक्के कमी पडतो. त्यामुळे तार सैल वाटते आणि आवाज गोल, थोडा पसरट येतो. कुणाला तोच हवा असतो.

नंतर नेकची रुंदी. फेंडरच्याच जाझ बेसची नटपाशी रुंदी 38 मिलिमीटर, प्रिसिजनची सहसा 41 ते 44. यात चांगलं-वाईट काही नाही. दोन्ही हातात घेऊन पहिल्या तीन फ्रेटवर पाच मिनिटं वाजवा, हातच सांगेल.

पिकअपचं थोडक्यात असं. प्रिसिजनला 1957 पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे. दोन्ही तुकडे एकमेकांची विजेची गुणगुण मारतात आणि आवाज भरीव, मध्यावर ठाम येतो. 1960 च्या जाझ बेसला दोन स्वतंत्र पिकअप. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे उघडे ठेवले की गुणगुण जाते, एकच उघडला की ती ऐकू येते. हा बिघाड नाही, त्या रचनेचा स्वभाव आहे. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह बेस सर्वदूर पोचले. पहिलाच बेस असेल तर आमचा सल्ला चार तारांचा, पॅसिव्ह (बॅटरीशिवायचा), साधा बेस घेण्याचा. बटणं कमी असली की कान लवकर तयार होतो.

पाच तारी बेसवर खालची बी तार साधारण 31 हर्ट्झला बोलते, ई तार 41 ला. इतक्या खाली तारेचा ताण राखणं अवघड असतं, म्हणूनच काही पाच तारी बेस 35 इंची करतात. घेताना एक परीक्षा घ्या. मोकळी ई वाजवा, लगेच बी तारेवर पाचव्या फ्रेटचा तोच ई वाजवा. एक सूर स्पष्ट आणि दुसरा चिखलात रुतल्यासारखा आला, तर ती बी तार पुढेही त्रास देणार.

दुकानात चाचपून बघायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या चुकवू नका. पट्टा गळ्यात घालून उभे राहा आणि डावा हात सोडा. बेसचं डोकं जमिनीकडे कललं, तर दोन तासांच्या कार्यक्रमात तुमचा डावा खांदा नेक उचलून धरायचंच काम करत राहील. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो का, तेही ऐका. बोल्टने जोडलेल्या नेकवर हे बरेचदा सापडतं. नेक त्या सुराशी स्वतः थरथरतो आणि तारेची ताकद पिऊन टाकतो. सेटअपने हे पूर्ण जात नाही. हेडला छोटं वजन चिमटून बघितलं तर जागा सरकते, पण हे आधी कळलेलं बरं. वापरलेला बेस असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याची कमान कमी-जास्त करणारी सळई) फिरतो का, हे विक्रेत्यासमोरच तपासून घ्या. अडकलेला ट्रस रॉड ही महाग दुरुस्ती आहे.

तारा

रोजच्या वापराचा चार तारी संच साधारण 45-65-85-105 असा येतो. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. चारही तारा मिळून नेकवर 70 ते 80 किलोच्या घरात ओढ असते, म्हणून तारांची जाडी बदलली की नेकची कमानही बदलते आणि सेटअप पुन्हा करावा लागतो.

राउंडवाउंड (गोल तारेच्या वेष्टणाची) तार खरखरीत, चमकदार आवाजाची. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीच्या वेष्टणाची) गुळगुळीत, गडद. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जेम्स जॅमर्सन यांनी 1962 च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड वाजवल्या, तेही उजव्या हाताच्या एकाच बोटानं. तो आवाज हवा असेल तर नव्या पिकअपच्या आधी फ्लॅटवाउंडचा एक संच लावून बघा. ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा. जुन्या बेसच्या ब्रिजवरच्या झाकणात असा स्पंज कारखान्यातूनच चिकटवून येत असे. खर्च जवळजवळ नाही, आणि नको वाटलं तर दोन सेकंदांत काढून टाकता येतो.

तार चढवताना दोन चुका आम्ही सारख्या बघतो. पहिली, तार आधी कापणे आणि मग खुंटीत घालणे. आधी तिला काटकोनात वाकवा, मग वाकलेल्या जागेच्या पुढे कापा, नाहीतर वरचं वेष्टण गाभ्यावरून सैल होतं आणि तार जन्मभर मुकी राहते. दुसरी चूक तारेला पीळ बसण्याची. खुंटी फिरवताना तारेत पीळ साठला तर सूर डगमगतो, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) काही केल्या लागत नाही. पीळ दिसला तर तार ढिली करून मोकळी सोडा. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, आणि ते वरून खाली उतरत गेले पाहिजेत.

आता छोटी गोष्ट, पण फरक मोठा. तार सुरात लावल्यावर सॅडलच्या अगदी पुढे, तारेवर अंगठा ठेवून हलकेच खाली दाबा. नटच्या पुढेही तसंच करा. नवी जाड तार सॅडलवरून पूल ओलांडल्यासारखी कमान करून जाते. तिची टोकाची जागाच नक्की नसते. अंगठ्याखाली ती किंचित बसल्याचं जाणवतं, आणि पुढच्याच सुराला फरक ऐकू येतो.

तारा उकळून पुन्हा नव्यासारख्या होतात असं म्हणतात. मळ निघतो हे खरं, पण पाणी वेष्टणात शिरून राहतं आणि गंज धरतो. करायचंच असेल तर डिनेचर्ड स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, आगीपासून लांब, आणि पूर्ण वाळल्यावरच चढवा.

सेटअप

क्रम पाळा: सूर, नेकची कमान, तारेची उंची, इंटोनेशन, पिकअपची उंची. मधली पायरी बदलली की पुढच्या सगळ्या पुन्हा बघाव्या लागतात.

बेसचा नेक पूर्ण सरळ नसावा, त्याला अगदी हलकी कमान हवी. तपासायला वेगळं यंत्र लागत नाही, तारच फूटपट्टी होते. एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्याने नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट दिसायला हवी, जाडसर व्हिजिटिंग कार्डाइतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, फट नसेलच तर उलट ढिला करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. मग सूर लावा, पुन्हा मोजा, आणि शक्य असेल तर रात्रभर थांबून सकाळी परत बघा. लाकूड सावकाश बसतं.

इथे आमची कळकळीची विनंती आहे. बरोबर मापाचीच अ‍ॅलन की वापरा. काही बेसना इंचाचं माप लागतं, काहींना मिलिमीटरचं. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिलिमीटर. तिथे 5 मिलिमीटरची की जात नाही आणि साडेचारची सैल बसते. ती सैल की जोर लावून फिरवली की आतले कोपरे गोल होतात. असा नेक हातात आला की आम्हाला खरंच वाईट वाटतं, कारण दहा सेकंदांच्या घाईनं चांगल्या वाद्याचं दुखणं कायमचं झालेलं असतं.

तारेची उंची सतराव्या फ्रेटवर मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. ई ला 2.4 आणि जी ला 2 मिलिमीटर ही चांगली सुरुवात. बोटांनी जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागेल. ट्रस रॉड फिरवून तारेची उंची कमी करायचा मोह टाळा, तो कमानीसाठी आहे. उंचीसाठी सॅडल आहेत.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरता असेल तर पुढे. जुन्या तारांवर हे करत बसू नका, तो वेळ वायाच जातो.

पिकअपची उंची सगळ्यात दुर्लक्षित. एक ग्राहक जी (G) तार ऐकूच येत नाही म्हणून नवा पिकअप मागायला आले होते. पिकअप त्या बाजूने दोन मिलिमीटर खाली बसलेला होता. एक स्क्रू अडीच फेरे फिरवला आणि चारही तारा सारख्या बोलू लागल्या. उलट पिकअप फार वर आणला तर त्याचं चुंबक तारेलाच ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर बेसूर आणि तोकडा होतो.

रोजची निगा

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कपड्याने पुसा, खालच्या बाजूनेही. इतकं केलं तरी तारा दुप्पट टिकल्यासारख्या वाटतात. रोझवूड किंवा एबनीचा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटांखालची फळी) वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलच्या अगदी थोड्या थेंबांनी पुसा. चकचकीत पॉलिश असलेल्या मेपलला तेल लावू नका. फ्रेट घासायला पोलादी लोकर वापरली तर आधी पिकअप चिकटपट्टीने झाका, नाहीतर बारीक कण चुंबकाला चिकटतात आणि निघत नाहीत.

हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. दमट झाली की नेक हलतो. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आत असेल तर वाद्य सुखात असतं. बंद गाडीत, उन्हात बेस ठेवू नका. नायट्रो लॅकरचा बेस रबरी टेकूच्या स्टँडवर ठेवायचा असेल तर मध्ये सुती कापड घाला, रबराने त्या पॉलिशवर डाग पडतात.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचली की 9 व्होल्टची बॅटरी सुरू होते. म्हणून वाजवणं संपलं की केबल काढा. आवाज अचानक क्षीण किंवा फाटका झाला तर आधी बॅटरी बदला, मग दुरुस्तीचा विचार करा.

बदल करताना

बदलाचे दोन प्रकार मानावेत: परत फिरवता येणारे आणि न येणारे. पिकअप, नॉब, प्रीअ‍ॅम्प (बेसच्या आतलं, बॅटरीवर आवाज वाढवणारं सर्किट), ब्रिज, खुंट्या हे भाग बहुधा परत फिरवता येतात, जर ते जुन्याच भोकांत आणि जुन्याच खाचेत बसत असतील तर. म्हणून नवा भाग मागवण्याआधी माप घ्या. जाझ बेसचे दोन पिकअपच बघा, नेककडचा ब्रिजकडच्यापेक्षा किंचित आखूड असतो. दोन्ही एकाच मापाचे मागवले की एक खाचेत बसत नाही. प्रीअ‍ॅम्पसाठी बॅटरीला जागा कुठे आहे, हेही आधीच बघा. काढलेले सगळे भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून जपा. कधी बेस विकायचा झाला तर त्या पिशवीला किंमत असते.

आमच्या अनुभवात कानाला सगळ्यात जास्त फरक तारांनी पडतो, नंतर पिकअपने आणि तो कुठे बसवला आहे त्याने. जड ब्रिजने सॅडल पक्के बसतात, वापर सुखाचा होतो, पण त्याने आवाज बदलेल या आशेवर तो घेऊ नका. डोकं कलणाऱ्या बेसला मात्र हलक्या खुंट्या खरा आराम देतात, आणि सोबत मऊ चामड्याचा रुंद पट्टा.

चार तारी बेसवर बी-ई-ए-डी लावायचं असेल तर जाड तारांसाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात. परत ई-ए-डी-जी वर यायचं झालं तर नट नवा लागेल, तेव्हा आधीच एक जादा नट करून घ्या.

फ्रेट काढून फ्रेटलेस करणं हे परत न फिरणारं काम. बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या फ्रेटलेस जाझ बेसच्या फिंगरबोर्डवर होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचा कडक थर होता, म्हणून तो राउंडवाउंड तारांची घासण सोसू शकला. उघड्या रोझवूडवर त्याच तारा लाकूड खाऊन टाकतात. लेप नको असेल तर फ्लॅटवाउंड लावा. आणि एकुलत्या एक बेसवर हे करू नका. वापरलेला वेगळा नेक मिळाला तर त्याच्यावर करा, जुना नेक कपाटात राहू द्या.

काम आमच्याकडे आणताना बेसबरोबर तुमचा नेहमीचा पट्टा, केबल आणि आधी काढलेले भाग आणा. तारा काढू नका, आहेत तशाच राहू द्या. तुम्ही बोटांनी वाजवता, पिकने की अंगठ्याने, उभं राहून की बसून, हेही सांगा. शक्य असेल तर दहा मिनिटं आमच्यासमोर वाजवा. सॅडल किती वर ठेवायचे, ते आम्हाला त्यावरूनच कळतं.