बास्केट स्ट्रेचर : पेशंट बांधणे

दरीत, विहिरीत नाहीतर रानात जखमी झालेल्या माणसाला काठ उचललेल्या टोपलीसारख्या स्ट्रेचरमध्ये आवळून बांधायची पद्धत. या स्ट्रेचरला स्टोक्स लिटर पण म्हणतात, अमेरिकन नौदलातले सर्जन चार्ल्स स्टोक्स यांच्यावरून. ते १९१० ते १९१४ तिथले सर्जन जनरल होते, स्ट्रेचर मात्र त्याच्या थोडं आधीचं, बहुतेक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. ब्रिटिश नौदलातलं नील रॉबर्टसन स्ट्रेचर पण साधारण त्याच काळातलं, कॅनव्हासला बांबूच्या पट्ट्या लावलेलं, त्यात माणूस गुंडाळून जहाजाच्या अरुंद तोंडातून उभाच वर ओढता येतो. आधी कुठलं हा वाद आहे, पण टोपली बाहेरून कवच देते आणि गुंडाळी अंगच ताठ धरते, त्यामुळे एकातून दुसरं निघालं म्हणण्यापेक्षा एकाच अडचणीवरचे दोन वेगळे उपाय हे मत जास्त पटतं. जुन्या स्टोक्समध्ये दोन पायांच्या मधे दांडा असायचा, मग पाठीचा बोर्ड (कणा सरळ ठेवायची कडक फळी) आत नीट बसायचा नाही, नंतरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो काढून टाकला.

बेळगाव भागात लोकांना माहिती ती डोली. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या आमगावसारख्या गावातून पावसाळ्यात पेशंट खांद्यावरूनच रस्त्यापर्यंत आणावा लागतो. तापाच्या माणसाला बांबूला कांबळं बांधून केलेली झोळी चालते, पण झोळीत कंबर वाकते, म्हणून पाठीला मार असेल तर ती नकोच.

बांधताना आधी खाली कांबळं, मग गुडघ्याखाली, कमरेच्या पोकळीत, दोन्ही बाजूंना कपडे खुपसायचे, कारण बहुतेक वेळा पेशंट बाहेर पडत नाही, आतल्या आत सरकतो. पट्टे छाती, कमरेचं हाड आणि मांड्यांवर, गळ्यावर किंवा जखमेवर कधीच नाही. छातीचा पट्टा पेशंटनं पूर्ण श्वास घेतल्यावर आवळायचा. डोकं शेवटी, धड हलायचं थांबल्यावरच. उलटी आली तर सगळं स्ट्रेचरच कुशीवर करायचं, बांधणी खरी की खोटी ते तिथं कळतं. पायाला आधार द्यायचा, बोटांना मुंग्या येतात का हे मधेमधे विचारायचं.

उचलायला सहसा सहा जण, उतारावर पाय पुढे. कड्यावरून दोरानं सोडणं हा वेगळा विषय.