९९ टक्के खात्रीची गुलाबी चाचणी

२१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये दोन पबमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि २१ जण मेले. खुनासाठीची फाशी ब्रिटनने १९६५ मध्ये स्थगित केली होती आणि १९६९ मध्ये कायमची रद्द केली होती. या स्फोटांनंतर, निदान दहशतवाद्यांसाठी तरी ती परत आणा, अशी मागणी उसळली. डिसेंबरात संसदेत मतदान झालं, मागणी फेटाळली गेली. सहा आयरिश संशयित तोवर कोठडीत होते.

त्यातले पाच जण बेलफास्टच्या बोटीकडे निघालेले असताना पकडले गेले होते. त्यांच्या हातांवरून पुसून घेतलेल्या नमुन्यांची ग्रीस चाचणी झाली. पीटर ग्रीस हा बर्मिंगहॅमजवळच्याच बर्टन गावी बिअरच्या कारखान्यात काम करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ, त्याच्या नावाची ही जुनी चाचणी. नायट्रोग्लिसरीन या स्फोटकात कॉस्टिक सोडा घातला की नायट्राइट सुटतं आणि ग्रीसच्या द्रावणाशी त्याची क्रिया होऊन गुलाबी रंग येतो. त्या पाचांतल्या दोघांनी स्फोटकं हाताळल्याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे, असं सरकारी तज्ज्ञाने न्यायालयात सांगितलं.

पण रंग येतो तो नायट्राइटमुळे, आणि नायट्राइट नायट्रोसेल्युलोजमधूनही सुटतं. नायट्रोसेल्युलोज वार्निशमध्ये असतं, पत्त्यांच्या चकाकीतही असतं. हे लोक रेल्वेच्या प्रवासात पत्ते खेळत होते! बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने तेव्हाच आक्षेप घेतला होता, पण न्यायालयाने सरकारी तज्ज्ञाचं ऐकलं. १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. माझ्या मते चूक रसायनाची नव्हती. चाचणी ‘नायट्राइट आहे’ एवढंच सांगत होती, ‘बॉम्ब’ हा शब्द माणसाने जोडला.

दुसरा आधार होता कबुलीजबाबांचा. मारहाण करून ते घेतले, असं आरोपी पहिल्यापासून म्हणत होते. खटल्यानंतर काही वर्षांनी एक नवं तंत्र आलं: वरच्या कागदावर लिहिताना खालच्या कागदावर उमटलेले, डोळ्यांना न दिसणारे दाब स्थिर विद्युतभाराने दाखवणारं. जबाब चालू असतानाच लिहून घेतल्याचं सांगितलेली पोलिसांची टिपणं त्या तपासणीत खोटी पडली. सहाही जण मार्च १९९१ मध्ये सुटले, सोळा वर्षांहून अधिक काळ गेल्यावर. फाशी परत आली असती, तर ही तपासणी कुणासाठी करायची होती? त्या स्फोटांसाठी पुढे दुसऱ्या कुणालाही शिक्षा झालेली नाही. मेलेल्यांच्या कुटुंबांवरचा हा दुसरा अन्याय.

‘फाशीच्या धाकाने खून टळतात’ हा युक्तिवादही तपासला गेला आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने तीन दशकांतले अभ्यास चाळून २०१२ मध्ये सांगितलं, की फाशीने खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे त्यांवरून ठरवता येत नाही. माणसाचा जीव घेण्याला हा आधार मला फार तोकडा वाटतो.

आता डीएनए आहे, चूक होणार नाही, असं म्हणणारे भेटतात. डीएनएने कित्येक निरपराधांना सोडवलं हे खरं. पण पुष्कळ खुनांच्या जागी उपयोगी पडेल असा जैविक पुरावा सापडतच नाही. सापडला, तर पेशी कुणाच्या हे बहुतेक वेळा कळतं. त्या तिथे कधी आणि कशा आल्या, हे मात्र डीएनए सांगत नाही.