रडलं होतं का? आईने सांगितलेल्या आकड्यांमागची गोष्ट

'बायकांना नीट आठवत नाही' असं म्हणून सर्व्हेतले बाळंतपणाचे आकडे उडवून लावतात, म्हणून हे लिहितेय.

१९६० च्या दशकात, जिथे जन्ममृत्यूची नोंदच धड नव्हती तिथे, बाईला दोनच गोष्टी विचारायचे, किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत, आणि त्यावरून बालमृत्यूचा अंदाज काढायचे. मग १९७२ पासून बऱ्याच देशांत एकेका मुलाची जन्मतारीख विचारायला लागले. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ ला आलं, तेही याच पद्धतीने.

खरा घोळ इथेच आहे. यादी होती जिवंत जन्मलेल्यांची. बाळ जन्मून तासाभरात गेलं तर ते यादीत, पोटातच गेलं तर नाही, आणि हे ठरणार कशावरून तर रडलं का, जरा तरी हललं का यावरून. आता ज्या बाईला बाळ दाखवलंच नाही, नुसतं 'गेलं' एवढंच सांगितलं, ती काय सांगणार? त्यात महिन्यांचं आणखी वेगळंच. मृतजन्म, म्हणजे पोटातच गेलेलं बाळ, धरायला सात महिन्यांची अट, पण आपल्याकडे 'सातवा लागला' म्हणजे सहाच पूर्ण झालेले असतात. विचारणाऱ्याने लागला की संपला हे विचारलंच नाही तर चूक तिची कशी? आणि शेजारी सासू बसलेली असताना पिशवी साफ केल्याचं कोण बोलेल, १९७१ पासून गर्भपाताचा कायदा असला तरी.

वजनाचंही तसंच. आकडे अडीच किलोवर गोळा होतात, बरोब्बर अडीच भरलं की बाळ 'कमी वजनाचं' धरत नाहीत, आणि हे आईच्या आठवणीतच नाही, दवाखान्याच्या कार्डावरही दिसतं. तेव्हा कार्ड खरं आणि आई खोटी असं सरसकट म्हणता येत नाही.

नंतर २०१७-१८ ला आफ्रिकेतले चार देश आणि बांगलादेश इथे बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून बघितलं. एका गटाला जिवंत जन्मांचं विचारलं आणि न टिकलेल्या गरोदरपणांचं फक्त गेल्या पाच वर्षांपुरतं, दुसऱ्याला प्रत्येक गरोदरपणाचं, टिकलं असो वा नसो. वेळ थोडाच जास्त लागला, पण दुसऱ्या गटात मृतजन्मांचं प्रमाण साधारण २१ टक्के जास्त निघालं. बायका तशाच, प्रश्न बदलला. त्यानंतर बऱ्याच देशांतल्या नव्या प्रश्नावलीत सगळ्या गरोदरपणांची यादी आली.