लष्करातली जुनी जिप्सी घेताय? आधी फॉर्म २१ हातात घ्या

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून वावरापर्यंत जाणारी गाडी म्हणून आपल्याकडे लष्करातून निघालेल्या जिप्सीला आणि जोंगा या जुन्या लष्करी जीपला अजून गिऱ्हाईक आहे. गाड्या दणकट आहेत, वादच नाही. पण आरटीओतून नोंदणीचे अर्ज परत येतात, आणि ते बहुतेक एकाच कागदापायी.

लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतात. नावनोंदणी, अनामत, पाहणी, बोली, हे सगळं जमण्यासारखं आहे. लॉटच्या, म्हणजे एका बोलीत विकायच्या गाडीच्या किंवा गाड्यांच्या गटाच्या, अटी मात्र शब्द न् शब्द वाचा. काही लॉट फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी असतात. भंगार म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मग इंजिन कितीही गोड वाजो.

आता तो कागद. नेहमीच्या गाडीला फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, डीलर देतो. लष्करी गाडीला ते संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याचं लागतं आणि मूळ प्रतच लागते. झेरॉक्स, नोटरीचा करारनामा, लिलावाची पावती, यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी एका व्यापाऱ्याकडून जिप्सी घेतली. पैसे दिले, गाडी आली. फॉर्म २१ व्यापाऱ्याच्या नावावर, आणि त्याने स्वतःच्या नावाने नोंदणी केलेलीच नव्हती. कायद्याने आधी त्याची नोंदणी, मग फॉर्म २९ आणि ३० वर हस्तांतरण. व्यापारी फोन उचलेना. गोठ्यामागे उभ्या त्या गाडीच्या सीटवर आता कोंबड्या बसतात. काकांनी कापसाचे पैसे घातले होते हो त्यात.

प्रमाणपत्र मिळालं तरी तिथेच उभं राहून वाचा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, निर्मितीचा महिना आणि वर्ष, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचं वजन. एक रकाना कोरा राहिला तरी खिडकीवरून परत पाठवतात, आणि दुरुस्तीला पुन्हा लष्कराचा डेपोच गाठावा लागतो. लष्करी वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलच्या वेळी इंजिन बदललेलं असू शकतं. म्हणून चेसिस फ्रेमवरचा आणि इंजिनवरचा नंबर चिंधीने पुसून, कागदावर पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आकडा आकड्याशी जुळवा.

मुदतीतही लोक फसतात. फॉर्म २० चा, म्हणजे नोंदणीचा, अर्ज गाडीचा ताबा मिळाल्यापासून ७ दिवसांत द्यायचा असतो, त्यातून फक्त प्रवासाचे दिवस वगळतात. गॅरेजमधले दोन महिने वगळत नाहीत. सोबत विमा, पत्त्याचा पुरावा आणि फी.

रंगाचंही सांगतो. ऑलिव्ह ग्रीन ठेवायची फार हौस असते पोरांना. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. तपासणीला नेण्याआधीच रंग बदला, बाणाचं चिन्ह असलेला लष्करी नंबरही पुसा.

कुणी म्हणेल, व्हिंटेजमध्ये नोंदवा. त्याला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, फी २०,००० रुपये, आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. संत्र्याच्या पेट्या वाहायच्या असतील तर तो मार्ग आपला नाही.

बोली लावण्याआधी मॉडेल आणि वर्ष लिहून आपल्या आरटीओला अर्ज द्या, नोंदणी होईल का ते लेखी मागा. तोंडी 'होऊन जाईल' वर अनामत भरू नका. आणि फॉर्म २१ खिशात आल्याशिवाय गाडी ट्रकवर चढवू नका.