घोडा उभ्याने पारखायचा की पळताना?

सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक आधी घोड्याच्या तोंडात अंगठा घालतं, भाव नंतर विचारतं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला नुसती हिरडी असते, लगामाची कडी तिथेच बसते. अंगठा तिथे दाबला की तोंड आपसूक उघडतं. अडीच वर्षांचा झाला की दुधाच्या दातांची मधली जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग दातांवरचे खळगे झिजू लागतात, खालच्या मधल्या दातांचे साधारण सहाव्या वर्षी बुजतात. आठाच्या पुढे मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर बरंच काही चालतं.

शहादा तालुक्यातलं हे गाव तापीच्या काठी आहे. इथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला यात्रा भरते. यात्रेतल्या बाजारात मारवाडी, काठियावाडी, सिंधी घोडे येतात, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरे येतात. अलीकडे त्याला चेतक फेस्टिव्हल असं भारदस्त नाव मिळालंय, नाचाच्या आणि पळण्याच्या स्पर्धाही होतात. जुनी माणसं अजून ‘सारंगखेड्याची जत्रा’च म्हणतात.

घोडा इथेच का? नकाशा पाहिला की निम्मं उत्तर मिळतं. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी जुनी वाट नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी तापीच्या खोऱ्यातून जायची. पीटर मंडी हा इंग्रज १६३० साली, ऐन दुष्काळात, याच वाटेने गेला. १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींचं खानदेश मोगलांकडे गेलं आणि बुऱ्हाणपूर ही दख्खनच्या मोहिमांची छावणी झाली. छावणी म्हटली की घोडे आलेच. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, तिथून पुढे काठियावाड आणि मारवाड. घोडेवाल्यांच्या दृष्टीने खानदेश म्हणजे दारातलाच चौक.

बाजारात दातांनंतर बघतात ते भोवरे, म्हणजे केस गोल वळलेल्या जागा. गळ्यावरचा ‘देवमण’ शुभ. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असेल तर घोडा पंचकल्याणी, त्याचा भाव वेगळा. ही पारख फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणांचा अध्याय आहे आणि त्यात प्रत्येक घोड्याला असायलाच हवेत असे दहा ध्रुवावर्त, म्हणजे ठरलेल्या जागांचे भोवरे, सांगितले आहेत. अश्वविद्या पांडवांतल्या नकुलाच्या नावावर आणि शालिहोत्र या ऋषीच्या नावावर चालत आली. पुढे शालिहोत्र हे घोड्यांच्या वैद्यकीचंच नाव झालं.

भोवऱ्याने घोडा सेकंदभरही जोरात पळत नाही, हे माझं मत. पण ज्यांनी ही शास्त्रं सांभाळली त्यांना शर्यत जिंकायची नव्हती. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा मेला आणि दुसरा घ्यायची ऐपत नसली की तो बारगीर व्हायचा. इज्जत, पगार, सगळं त्या चार पायांवर. असा माणूस वय, खोड, स्वभाव, लक्षण सगळं बघणारच, कारण घोडा पंधरा वर्षं दारात राहायचा. बाजारातली पारख ही अशी संसाराची पारख आहे.

शर्यतीतली पारख दोन मिनिटांची. ती आली वेगळ्या वाटेने. इंग्लंडमध्ये गवताच्या मैदानावर पळणाऱ्या घोड्यांची ताकद वजनाने तोलायची रीत बसली. ॲडमिरल रूस १८५५ साली हँडिकॅपर, म्हणजे कुठल्या घोड्यावर किती वजन ते ठरवणारे, झाले आणि वयागणिक किती वजन पाठीवर द्यायचं त्याचं कोष्टक त्यांनी पक्कं केलं. ती पद्धत मुंबई-पुण्यात आली. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं, तेही गवताचंच.

मातीचा ट्रॅक ही खास अमेरिकन गोष्ट. केंटकीत विल्यम व्हिटली नावाच्या माणसाने अठराव्या शतकाच्या शेवटी मातीचा ट्रॅक केला आणि इंग्रजांवरच्या रागाने घोडे उलट्या दिशेने पळवले, असं सांगतात. तिथले घोडे आजही घड्याळाच्या उलटे धावतात. मातीवर पुढचा घोडा मागच्याच्या तोंडावर ढेकळं आणि धुरळा उडवतो. म्हणून सुरुवातीलाच पुढे निघणाऱ्याला मोठा फायदा, आणि तोंडावर माती घेऊन पळायची सवय नसलेला चांगला घोडाही मागे पडतो. शिवाय गवतापेक्षा मातीवरच्या वेळा जास्त भरवशाच्या. त्यातून अँड्र्यू बायर या पत्रकाराने १९७० च्या दशकात वेगाचे आकडे लोकप्रिय केले. त्यांतली खरी मेख ही, की नुसती वेळ धरायची नाही. त्या दिवशी ट्रॅक किती जलद किंवा जड होता ते आधी काढायचं, ते वेळेतून वजा करायचं, मग घोडे एकमेकांशी ताडायचे. सेक्रेटेरिएट या घोड्याने १९७३ ची केंटकी डर्बी, सव्वा मैल, १ मिनिट ५९.४ सेकंदांत मारली. प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात! तो विक्रम अजून तिथेच आहे.

ही पारख म्हणजे नशीब की अक्कल, हा वाद आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ मध्ये न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याला प्राधान्य आहे असं म्हटलं. अर्थात ते रीतसर रेसकोर्सपुरतं. जत्रेतल्या पैजेला त्याचा आधार नाही.

खानदेशात गवताचं मैदान कुठलं! इथे पट्टा मातीचाच, काळ्या जमिनीवर नांगर-फळी फिरवून केलेला. शिवाय मारवाडी-काठियावाडी घोड्यांच्या रवाल चालीच्या, म्हणजे न उधळता भरभर टाकलेल्या चालीच्या, शर्यतींचा हिशेबच निराळा. तिथे घोडा चौखूर उधळला की बाद, म्हणजे वेग हवा आणि आवरही हवा.

एका वर्षी शर्यतीआधी एका म्हाताऱ्या मोतद्दाराबरोबर, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याबरोबर, पट्ट्यावरून चालत गेलो. मी घोड्यांकडे बघत होतो, तो खाली. दर दहा पावलांवर टाच रोवायचा. उजवीकडे टाच घोट्यापर्यंत गेली, डावीकडे टणक लागली. “भाऊ, पह्यले जमीन देख, मंग घोडं,” तो म्हणाला. मग घोडे फिरवत होते तिथे नेलं आणि पुठ्ठा, श्वास, मागचा पाय पुढच्याच्या खुणेच्या किती पुढे पडतो ते दाखवलं. तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याखाली, फेस आलेल्या एका देखण्या तांबूस कुमैत घोड्याला त्याने बघता क्षणी काट मारली. पळायच्या आधीच पळून दमलाय, म्हणे. डाव्या कडेचा लहानखुरा काळा पहिला येईल असं सांगितलं, आणि तो आला.

दुपारी म्हाताऱ्याचे मालक एक घोडी घ्यायला निघाले. पाय स्वच्छ, दात चार वर्षांचे, भाव बेताचा. म्हाताऱ्याने कपाळावरून हात फिरवला, भोवऱ्यापाशी थांबला आणि मान हलवली. सौदा मोडला. संध्याकाळच्या शर्यतीत ती घोडी दुसरी आली. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो पट्ट्याकडे बोट करून कुठली कडा जड झालीय ते सांगत होता.