तफावत कशात मोजायची? मधुमेह संशोधनातल्या बीजनिधीची पार्श्वभूमी

2023 च्या जूनमध्ये देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे आले आणि गोव्याच्या नावापुढे 26.4 टक्के दिसले. देशाची सरासरी 11.4, उत्तर प्रदेश 4.8. राज्य पहिले आले ते कळले. राज्यातल्या राज्यात मागे कोण पडले, ते मात्र एवढ्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही. मधुमेहातली आरोग्य-विषमता कमी करू पाहणाऱ्या संशोधकांना बीजनिधी, म्हणजे सुरुवातीच्या अभ्यासापुरती छोटी रक्कम, द्यायचा, हा विचार इथे आता बोलला जातो तो याच अडचणीमुळे.

मुळात तो अमेरिकेतला. तिथल्या सरकारी अहवालाने 1985 साली कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याकांमधले जादा मृत्यू मोजले. त्यांतले बहुतेक ज्या सहा कारणांनी होत होते, त्यांत मधुमेह होता. 1997 मध्ये मूळनिवासींसाठी मधुमेहाचा वेगळा निधी आला, 2000 मध्ये विषमतेच्या संशोधनाचा कायदा. पण मोठे अनुदान मागायला गेले की परीक्षक विचारणार, प्राथमिक आकडे कुठे आहेत? आकड्यांसाठी पैसे हवेत आणि पैशांसाठी आकडे. म्हणून तिथली मधुमेह संशोधन केंद्रे नवख्यांना वर्ष-दोन वर्षांपुरती छोटी रक्कम देऊ लागली. त्या अभ्यासाला ‘पायलट’ म्हणतात. गोव्यात पायलट म्हटले की पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल आठवते, आणि उपमा वाईट नाही: मोठी बस जात नाही त्या वाड्यापर्यंत नेऊन सोडणारी.

खरा घोळ आहे ‘विषमता’ या शब्दाचा. अमेरिकी कायद्याची व्याख्या दरांवर उभी आहे. एखाद्या गटात रोगाचे किंवा मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा लक्षणीय वेगळे असेल तर ती विषमता. आपल्याकडे हे माप लावले की गंमत होते. मधुमेह बराच काळ खात्यापित्या घरचा आजार होता. निव्वळ प्रमाण पाहिले तर ‘वंचित’ ठरणार बंगलेवाले! म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, टाळता येण्याजोगा आणि अन्यायाचा फरक तीच विषमता, बाकी नुसती तफावत. त्यातच 2017 साली 15 राज्यांच्या आकड्यांनी चित्र फिरवले. सुस्थितीतल्या राज्यांच्या शहरांत मधुमेह वरच्या थरापेक्षा खालच्या आर्थिक थरात जास्त निघाला. त्या 15 राज्यांत गोवा नव्हता. तरी माझ्या मते इथे नुसते प्रमाण मोजणे पुरे झाले. पाय कोणाचा कापावा लागतो, डोळा कोणाचा जातो, डायलिसिसवर कोण किती लवकर पोचतो, हे तालुक्यागणिक मोजायला हवे.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला 2003 मध्ये. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या जेमतेम साडेचौदा लाख, त्यात अनुसूचित जमाती दहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्या लहान राज्यातून देशव्यापी पाहणीच्या नमुन्यात सांगे-काणकोण तालुक्यांतल्या या समाजांच्या वाड्यांची किती घरे येणार? अशा ठिकाणी पाच-पन्नास माणसांचा छोटा अभ्यासच कामाचा.

छोटा म्हणजे सोपा नव्हे. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून उपाशीपोटी रक्त द्यायला निघालेली बाई आरोग्य केंद्रावर पोचेपर्यंत दहा वाजतात. घरी असती तर त्या वेळेला उकड्या तांदळाची पेज झाली असती. आहाराच्या छापील तक्त्यात नाश्ता, जेवण, चहा, रात्रीचे जेवण असे रकाने; दहाच्या पेजेला रकाना नाही. मग ती कोणी नाश्त्यात टाकतो, कोणी जेवणात, आणि दोन केंद्रांचे आकडे जुळत नाहीत. इन्सुलिन मिळाले, पण घरी फ्रीज नाही, म्हणून बाटली पाण्याच्या मडक्याशेजारी, हेही त्या तक्त्यात बसत नाही. बीजनिधी खर्च व्हायचा तो असला तक्ता कोकणी-मराठीत नव्याने बांधून तो चार वाड्यांत लावून बघण्यावर.

आपल्याकडे केंद्र सरकारचे असे सुरुवातीचे अनुदान अलीकडेपर्यंत दोन वर्षांसाठी 30 लाखांचे होते. मात्र ते संस्थेत नव्याने रुजू झालेल्या, नियमित पदावरच्या संशोधकासाठी. त्या बाईची पेज रोज ऐकणारी परिचारिका अर्जदारांच्या व्याख्येत येत नव्हती.