यझ्दमध्ये दुकानांवर घरं बांधायची तर

इराणच्या केरमान शहरात गंज अली खान १५९६ ते १६२१ या काळात सुभेदार होता. एका प्रशस्त चौकाभोवती त्याने बाजार, हमामखाना, सराई, मशीद, टांकसाळ आणि पाण्याची टाकी उभारली. आज ज्याला मिश्र वापराचं संकुल म्हणतात ते हेच. फरक एवढाच की तिथे सगळं एकमेकांच्या शेजारी आहे. इराणच्याच यझ्द शहरात आज खाली दुकानं, मध्ये कार्यालयं आणि वर घरं अशी सहा मजली इमारत काढली, तर हेच सगळं एकमेकांच्या डोक्यावर येतं, आणि खालची उष्ण हवा, वास, धूर वरच्यांच्या वाट्याला जातो. निळ्या फरशा आणि टोकदार कमानी यावर काहीच करू शकत नाहीत. जुन्या इराणी घरातून घ्यायचा असतो तो त्याचा उभा छेद, म्हणजे घर वरून खाली कापलं तर दिसणारी मांडणी.

सुरुवात चौकापासून, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणापासून. यझ्द सुमारे ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर येतो, जूनमध्ये ८१ अंश. त्यामुळे जुन्या घरात चौकाच्या उत्तरेच्या, दक्षिणेला तोंड असलेल्या खोल्या हिवाळ्याच्या, तर समोरच्या सावलीतल्या खोल्या उन्हाळ्याच्या. कुटुंब ऋतूप्रमाणे घरातल्या घरात मुक्काम हलवत असे. फ्लॅटमध्ये ते जमणार नाही, पण मिश्र वापर इथे कामी येतो: घरं उत्तरेच्या बाजूला, कार्यालयं दक्षिणेच्या. दक्षिणेची बाजू १२ मीटर उंच ठेवली तर हिवाळ्यात दुपारी तिची सावली १७ मीटर पडते, म्हणजे १८ मीटर रुंद चौकापलीकडच्या तळमजल्यालाही ऊन मिळतं. तीच बाजू २१ मीटर केली की सावली ३० मीटरवर जाते आणि चौकाची विहीर होते. म्हणून दक्षिणेला तीन मजले, उत्तरेला सहा.

आता बादगीर, म्हणजे वारा पकडणारा मनोरा. यझ्दच्या दौलताबाद बागेतला अष्टकोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. आत कप्पे पाडणाऱ्या उभ्या भिंती असतात. वाऱ्याकडच्या कप्प्यांतून हवा खाली येते, उलट बाजूच्या कप्प्यांतून वर जाते. यामागचं बळ मात्र फार तोकडं आहे. सेकंदाला ४ मीटर वारा जास्तीत जास्त १० पास्कलच्या आसपास दाब देतो. वारा पडला असेल तर १० मीटर उंचीच्या नळीत १० अंशांच्या फरकाने ४ पास्कल मिळतात, आणि तेही हवा वर खेचणारे. बारीक फिल्टरला बहुधा याच्या कितीतरी पट दाब लागतो; तो बसवला की बादगीर गुदमरतो. त्याऐवजी तोंडाशी पक्षी अडतील एवढी जाड जाळी लावावी आणि तळाशी ऐसपैस कोठडी ठेवावी. तिथे हवेचा वेग मंदावतो, जड धूळ खाली बसते.

गारवा येतो तो पाण्यामुळे. १ लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता शोषतं, म्हणजे १ टनाच्या एसीएवढं काम तासाला ५ लिटर पाण्यात होतं. हवा ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगली ओली जाळी तिला २६ अंशांपर्यंत आणू शकते. विदर्भातला कूलर याच हिशेबावर चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो फसतो. खारं पाणी असेल तर क्षार जाळीत साचतात, म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. बारीक फवारे टाळलेले बरे: साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि तुषारांतून फुप्फुसात जातात.

सहा मजल्यांना मिळून एकच नळी ही या प्रकल्पातली सर्वांत धोकादायक चूक. दुकानात आग लागली की तीच धुराडं बनते. प्रत्येक घराला स्वतंत्र, अग्निरोधक भिंतींची नळी हवी, आणि त्या नळ्या जागा खातात. म्हणून बादगीर वरच्या दोन मजल्यांपुरताच ठेवावा, बाकीच्यांना चौक आणि कूलर पुरे. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराचा धूर वेगळ्या धातूच्या नळीने बादगीरच्या तोंडापासून दूर सोडावा.

जाड भिंतींचं काय? ४० सेंटिमीटर मातीची भिंत दुपारची उष्णता आत पोचवायला सुमारे १२ तास लावते. पण २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधल्या बाम शहराच्या भूकंपात अशाच कच्च्या विटांची जड घरं कोसळली आणि २६ हजारांहून अधिक माणसं गेली. म्हणून उष्णता साठवणारं वस्तुमान सांगाड्यातच ठेवायचं: काँक्रीटचे स्लॅब खालून उघडे, फॉल्स सीलिंग नाही, उष्णतारोधक थर बाहेरून. विटांच्या भिंती खांबांना बांधलेल्या, बादगीर पोलादी चौकटीचा आणि हलका. तीन आणि सहा मजल्यांचे भाग भूकंपात वेगवेगळे हलतात, त्यामुळे दोहोंत फट सोडावी लागते. बांधकामाच्या वेळी ती राडारोड्याने बुजते, हे साइटवर पाहावंच लागतं.

हिवाळ्यात यझ्दची रात्र शून्याखाली जाते, तेव्हा नळीला उष्णतारोधक झडप लागते. तिची कळ घरातच असावी; गच्चीवर ठेवली तर बंद करायला कोणी चढत नाही, आणि लोक नळीत सरळ गोधडी कोंबतात.